नागपूरहून सिनेमा-मालिकांत जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी तालीम संपली की टपरीवर हेच प्रश्न, आठवडाभर फोनवरही हेच. मी नऊ वर्षं मुंबईत काढली, आधी सहायक दिग्दर्शक आणि मग मालिकांचा संवादलेखक म्हणून. आता नागपुरात बसून लिहितो. एकेकाला तेच सांगून जीभ थकली, म्हणून सगळं एका जागी ठेवतोय. प्रश्न शक्यतो ज्यांनी विचारले त्यांच्याच शब्दांत आहेत.

१. दादा, नागपुरात राहून जमतं का, की मुंबईला जावंच लागते?

लेखकाला बरंचसं जमतं. नटाला पहिली फेरी इथून देता येते. दिग्दर्शकाला मात्र काही वर्षं तरी तिकडे घासावी लागतात.

मालिकेचे सीन मेलवर जातात, त्यामुळे लेखक त्रिमूर्तीनगरात बसलाय की गोरेगावात, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. नटाचं पहिलं ऑडिशन हल्ली फोनवर रेकॉर्ड करून मागवतात (प्रश्न ४). पण पुढचा फोन येतो तो असा: "उद्या अकराला आरामनगरला (अंधेरीतला ऑडिशनचा भाग) या, लुक टेस्ट आहे." रेल्वेने मुंबई साधारण ८४० किलोमीटर. दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास केला की सकाळी पोचता, पण त्यासाठी तिकीट मिळायला हवं. असे दोन-तीन फोन हुकले की चौथा येत नाही.

तरीही माझं मत घाई करू नका असंच आहे. इथे फुकटात शिकता येतं ते तिथे अंधेरीचं घरभाडं भरत शिकावं लागतं. किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी आणि एखादा ओळखीचा रूममेट असल्याशिवाय बॅग भरू नका.

२. अ‍ॅक्टिंग शिकायची सुरुवात कुठून करू? क्लास लावू का?

क्लासच्या आधी नाटक. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नागपुरात आहे, 'लोकांकिका' या एकांकिका स्पर्धेची फेरी इथे होते, कॉलेजांचे युवक महोत्सव आहेत. कुठल्याही हौशी संस्थेत जाऊन सांगा, "मला काहीही द्या." पहिल्या वर्षी बहुतेक प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायला मिळेल. तेही घ्या. दुसऱ्याची तालीम रोज तीन तास बघणं हा शहरातला सगळ्यात स्वस्त अभिनयवर्ग आहे.

दुसरी शाळा झाडीपट्टीची, आणि तिच्याकडे नागपूरकर उगाच नाक मुरडतात. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं, कंपन्यांची ऑफिसं तिथेच. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. समोर गोधडी पांघरून हजारो माणसं बसलेली असतात, त्यांना झोप आली की नटाला लगेच कळतं. हे काम हौसेचं नाही, दर रात्रीचे पैसे मिळतात. इथले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या ओळखीची एक मुलगी दोन हंगाम झाडीपट्टी करून मालिकेत गेली. सेटवर तिला आवाज कमी करायला शिकावं लागलं, बाकी काहीच नाही.

३. एफटीआयआय किंवा एनएसडी केल्याशिवाय काही होत नाही म्हणतात. खरं का?

होतं. पण मिळत असेल तर सोडू नका. एनएसडी म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, नटांसाठी आणि नाट्यदिग्दर्शकांसाठी; एफटीआयआय म्हणजे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, चित्रपटासाठी. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा, जागा मोजक्या. शिक्षणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे सोबतचे वर्गमित्र, पुढची वीस वर्षं कामं त्यांच्याकडून येतात.

राजकुमार हिरानी हे आपलं नेहमीचं उदाहरण. नागपुरात जन्म, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, शिक्षण कॉमर्सचं. एफटीआयआयमध्ये ते संकलन शिकले, मग जाहिराती केल्या, २००० साली 'मिशन काश्मीर'चं संकलन केलं. दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट आला २००३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी. हे वय लक्षात ठेवा, प्रश्न ८ मध्ये लागेल. (सुभाष घईंचाही जन्म नागपूरचा, पण ते वाढले दिल्लीत. त्यांना आपण उगाच आपल्या खात्यात धरतो.)

४. सेल्फ टेप म्हणजे नेमकं काय पाठवायचं? माझं कधीच सिलेक्शन होत नाही.

सेल्फ टेप म्हणजे घरीच फोनवर रेकॉर्ड केलेलं ऑडिशन. मागितलंय तेवढंच पाठवा. ही ओळ परत वाचा. निम्मे लोक इथेच बाद होतात.

फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला. मागे साधी भिंत, कॅलेंडर आणि लग्नाचा फोटो काढून ठेवा. उजेड समोरून, खिडकीचा असला तर उत्तम. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, सध्या मुक्काम कुठे, कोणत्या भाषा येतात. मग डावी-उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. त्यानंतर सीन. समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्याने हळू आवाजात वाचावं. तो फोनच्या जवळ असतो, त्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो आणि टेप त्याची होऊन जाते. फाइलला नाव द्या, "व्हिडिओ फायनल दोन" असं पाठवू नका.

आणि कुलर! नागपूरच्या टेप मी आवाजावरून ओळखतो. मागच्या मे महिन्यात मानेवाड्याच्या एका मुलीने टेप दाखवली. सीन बापाच्या निधनानंतरचा, ती कुजबुजत बोलते, डोळ्यांत पाणी अगदी वेळेवर. आणि त्या कुजबुजीखाली कुलरची मोटर, मध्येच खसच्या ताटीवर पाणी पडल्याचा आवाज. कुलर बंद केला तर दोन मिनिटांत कपाळ चमकायला लागतं. शेवटी आम्ही पहाटे साडेपाचला रेकॉर्ड केलं. पहिले दोन टेक कोकिळेने घालवले, तिसरा पाठवला. तो पुढच्या फेरीला लागला.

उत्तर येत नाही तेव्हा उत्तर "नाही" असं असतं. समोरासमोर तरी "नॉट फिट" म्हणतात, टेपला तेवढंही नाही. फिट नाही म्हणजे वाईट नाही, बऱ्याचदा फक्त आधीच ठरलेल्या हिरोपेक्षा तुम्ही चार इंच उंच असता.

५. कास्टिंगवाले रजिस्ट्रेशनचे पाच हजार मागून राहिले. देऊ का?

नाही. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. "आर्टिस्ट कार्ड", "पोर्टफोलिओ आमच्याकडूनच", "ड्रेसचं डिपॉझिट", "हॉटेलात ऑडिशन", सगळ्याला नाही. नटांच्या संघटनेचं, म्हणजे सिंटाचं, सभासदत्व संघटनाच देते, सीताबर्डीतला कुणी भाऊ देत नाही. पहिलं काम मिळण्याआधी कार्डामागे लागायचं कारणही नाही.

एक अपवाद आहे आणि त्यातच लोक गोंधळतात. काम मिळाल्यावर समन्वयक, म्हणजे ते काम मिळवून देणारा मधला माणूस, आपलं कमिशन कापतो, ती रीत आहे. ते मानधन हातात आल्यावर द्यायचं, टक्केवारी आधी मेसेजवर ठरवून. आधी पैसे मागितले तर तो समन्वयक नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

६. माझी बोली वऱ्हाडी आहे. मराठी मालिकेत घेतील का?

घेतील, पण बहुतेक हसवायला. भारत गणेशपुरेंनी ही बोली घराघरांत नेली, आणि त्याचा एक तोटाही झाला: लेखकाला विदर्भातलं पात्र म्हटलं की विनोदीच सुचतं. मीही त्याला अपवाद नव्हतो, तशी पात्रं लिहून मीही हप्ते भरलेत.

बोली सोडू नका. तिच्या शेजारी दुसरी शिका. आपल्याकडे 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा'चा 'डोया' होतो. आपल्याला ते ऐकू येत नाही, मुंबईतल्या दिग्दर्शकाला लगेच येतं. रोज वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचा, ण आणि ळ खाली रेघ मारून. क्रियापद वेगळं सांभाळा. प्रमाण भाषेतल्या सीनमध्ये "मी येऊन राहिलो" निसटलं की टेक गेला.

हिंदीत मात्र आपण पुढे आहोत. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, गल्लीत हिंदी लहानपणापासून कानावर पडते. "मेरे को" तेवढं घालवा.

७. नाटक नाही, क्लास नाही, तरी 'झुंड'मधल्या पोरांना कसं मिळालं?

कारण दिग्दर्शकाला तेच हवे होते. 'झुंड' २०२२ चा, नागपूरच्या विजय बारसेंच्या झोपडपट्टी फुटबॉलवर बेतलेला. नागराज मंजुळेंनी इथल्या वस्त्यांतली मुलं शोधली. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. त्याआधी 'कोर्ट'. मुंबईत घडणारा चित्रपट, पण शाहीर नारायण कांबळे झाले ते आपले वीरा साथीदार, चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं, भारताकडून ऑस्करला गेला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले.

दोन्हीकडे गंमत एकच आहे. या लोकांनी अभिनय शिकला नव्हता, पण फुटबॉल किंवा चळवळ आयुष्यभर केली होती. त्यांच्याकडे बघून "काही न शिकता होतं" असा अर्थ काढू नका. आणि अशा निवडीसाठी अर्ज करता येत नाही, त्यामुळे तिच्यावर करिअर आखता येत नाही.

८. माझं वय ३४. उशीर झाला का?

लेखक-दिग्दर्शकाला नाही (प्रश्न ३ मधलं वय बघा). नटाला नायकासाठी हो, काका, इन्स्पेक्टर, वकील यांच्यासाठी आत्ता कुठे सुरुवात. एनएसडीच्या प्रवेशाला वयोमर्यादा आहे, तेवढं तपासा.

९. मालिकेचा लेखक व्हायचंय. कथा, पटकथा, संवाद वेगवेगळे लोक लिहितात का?

बहुतेक वेळा हो. कथाविस्तार करणारा पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक ठरवतो: कुणाचं लग्न मोडणार, कुणाला कळणार, कधी कळणार. पटकथाकार त्याचे रोजचे सीन पाडतो. संवादलेखक पात्रांच्या तोंडी शब्द घालतो. अर्ध्या तासाच्या मालिकेत खरा मजकूर साधारण २२ मिनिटांचा असतो, बाकी जाहिराती.

नवखा शिरतो तो संवादातून. पटकथा रात्री येते, सकाळपर्यंत सीन द्यायचे. भागांची 'बँक', म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, असली तर श्वास घ्यायला मिळतो. बँक संपली की सेटवर लाइट लागलेले असतात आणि तुम्ही दुसरं पान टाइप करत असता.

एक सीन दाखवतो. पटकथेत एवढंच आहे: "सासू देवघरात. सून दारात येते. सासूला बांगड्यांबद्दल कळलंय." तीन मिनिटं चालवायचंय, नवं लोकेशन नाही, तिसरं पात्र नाही, आणि बांगड्या हा शब्द शेवटापर्यंत यायचा नाही कारण तो ब्रेकआधी हवाय. नवखा लेखक सासूला लगेच बोलायला लावतो. मी तिला वाती करायला लावतो. ती एकेक वात वळते आणि विचारते, "आज हात मोकळे का गं?" मग तीन मिनिटं पुरत नाहीत.

नमुना म्हणून चालू मालिकेचा एक पूर्ण भाग लिहून ठेवा. "माझ्याकडे भारी कल्पना आहे" याला कुणी विचारत नाही.

१०. माझी गोष्ट चोरली तर? ऐकवण्याआधी काय करू?

कायदा कल्पनेला वाचवत नाही, लिहिलेल्याला वाचवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं. नाटककाराचा दावा होता की चित्रपट त्याच्या नाटकावरून उचललाय. विषय सारखा होता, मांडणी वेगळी होती. नाटककार हरला.

म्हणून दोन ओळींची कल्पना ऐकवत फिरू नका. पटकथा, निदान सविस्तर कथा लिहा. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात पुरावा लागतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे, वेळ मात्र लागतो. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी मेल टाका: "आज आपल्याला अमुक नावाची कथा ऐकवली, प्रत जोडली आहे." स्वतःलाच रजिस्टर पाकीट पाठवायच्या जुन्या युक्तीवर विसंबू नका.

११. करार आला. सही करू का? चाळीस पानं आहेत हो.

चाळीसही वाचा. आधी माझं ऐका. एका निर्मात्यासाठी मी एका मालिकेच्या सुरुवातीच्या भागांचा सगळा आराखडा लिहिला, दोन महिने. करार "पुढच्या आठवड्यात" होता. मालिका आली, श्रेयनामावलीत दुसरं नाव. माझ्याकडे पुरावा काय, तर मी पाठवलेल्या फाइलखाली त्यांनी उमटवलेला एक अंगठा. वॉट्सअ‍ॅपचा, पिवळा. वकील हसला नाही, पण फीही घेतली नाही, यावरून काय ते समजा.

लेखकांनी बघायचं ते असं. हक्क किती वर्षांसाठी दिले? कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच निर्माते "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात" असं लिहितात. ते विश्व खोडता येत नाही, पण त्याची किंमत वाढवून मागता येते. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी लेखकाला सोडून देताच येत नाही, सही केली तरी.

नटांसाठी: महिन्याला किमान किती दिवस काम, शिफ्ट किती तासांची, दुसरं काम करायला बंदी आहे का, सोडायचं तर नोटीस किती. बंदी आहे पण किमान दिवसांची हमी नाही, असा करार म्हणजे घरी बसायची नोकरी.

१२. पैसे कधी मिळतात?

मालिकेत साधारण ९० दिवसांनी. जूनमधल्या कामाचे सप्टेंबरात. प्रश्न १ मध्ये सहा महिन्यांचा खर्च म्हटलं ते यासाठीच. त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो (एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांवर गेलात की). उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. आपली बरीच मुलं भरत नाहीत आणि पैसे सरकारकडे ठेवून देतात.

१३. मुलगी सात वर्षांची आहे, एका मालिकेसाठी निवडलंय. शाळेचं कसं?

१४ वर्षांखालच्या मुलांसाठी नियम कडक आहेत आणि जबाबदारी निर्मात्याची आहे. जिथे शूटिंग त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मानधनातले किमान २० टक्के तिच्या नावाने मुदत ठेवीत. निर्माता "ते आम्ही बघतो" म्हणाला तर परवानगीची प्रत मागा. प्रत येत नसेल तर मुलीला पाठवू नका, मालिका कितीही मोठी असो.

१४. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. रजा टाकून काम करू शकतो का?

स्पर्धेतलं नाटक आणि मालिकेतलं काम यात फरक आहे. अधूनमधूनचं कलात्मक काम नियम चालवून घेतात, पण मानधन घेऊन नियमित काम म्हणजे खाजगी नोकरी ठरू शकते. लेखी परवानगी घ्या आणि रजेच्या अर्जात आजारपण लिहू नका. टीव्ही गटशिक्षणाधिकारीही बघतात.

१५. दिग्दर्शक व्हायचंय. शॉर्टफिल्म करू की असिस्ट करू?

दोन्ही, पण शॉर्टफिल्म आठ मिनिटांची करा, अर्ध्या तासाची नको. असिस्ट करताना क्लॅप, मग कंटिन्यूटी, मग शेड्यूल. कंटिन्यूटी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, मला तिनेच सिनेमा शिकवला. नायिकेचा पदर मागच्या शॉटमध्ये कुठल्या खांद्यावर होता, हे सांगायला प्रत्येक शॉट बघावा लागतो. आणि संकलन शिका, लॅपटॉपवर होतं.

१६. शॉर्टफिल्ममध्ये इतवारी स्टेशन हवंय. नागपूरच्या डीआरएमला पत्र दिलं तर परत पाठवलं!

कारण नागपूरला दोन डीआरएम, म्हणजे रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक, आहेत. मुख्य नागपूर स्टेशन मध्य रेल्वेचं, इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. दोन्ही रेल्वेंचा विभाग नागपूर याच नावाचा. चित्रीकरणाची परवानगी झोनच्या जनसंपर्क कार्यालयातून होते: पहिल्याचं मुख्यालय मुंबई, दुसऱ्याचं बिलासपूर. म्हणजे चार किलोमीटरवरच्या फलाटासाठी पत्र छत्तीसगडला. दोन मिनिटांच्या सीनला हा व्याप परवडत नसेल तर स्टेशनबाहेर सायकल रिक्षा उभी करा आणि गाडीचा आवाज टाका.

१७. आम्ही स्पर्धेत एक एकांकिका केली. लेखकाची परवानगी होती. आता तीच शूट करून अपलोड करायची आहे. चालेल ना?

नाही. प्रयोगाची परवानगी वेगळी, चित्रीकरणाचा हक्क वेगळा. स्पर्धेसाठी दिलेलं पत्र त्या स्पर्धेपुरतं असतं. पाठांतर तुमचं असलं तरी शब्द लेखकाचे आहेत, आणि लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचे. दोघांनी मिळून लिहिली असेल तर दोघांची सही हवी, एकाशी अबोला असला तरी.

विचारायला लाजू नका. आपल्याच शहरातले महेश एलकुंचवार बघा. त्यांच्या 'होळी' आणि 'पार्टी' या नाटकांवरून १९८४ मध्ये दोन वेगळ्या दिग्दर्शकांनी चित्रपट केले. लेखकाला चित्रपट झालेला आवडतोच, फक्त आधी विचारलेलं असावं. पत्रात चार गोष्टी लिहा: लांबी किती, कुठे दाखवणार, बदल कोणते, पैसे मिळाले तर वाटा किती. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका पोराने असं पत्र पाठवलं. लेखकाने परवानगी दिली, मानधन घेतलं नाही, आणि उलट टपाली शेवटचा सीन बदलून पाठवला. आधीचा त्यालाही कधीच आवडला नव्हता म्हणे.